तळं उतरणीला लागलं आहे

७ एप्रिल, रविवार
पाणी छत्र्यांच्या पहिल्या रांगेला टेकलं. काळजीचं कारण नाही. पावसात तळं थोडं फुगतं आणि मग आपलं आपण बसतं. बारा वर्षं बीच चालवतोय, मला कोण शिकवणार?
गर्दी बरी. मासे तीन वाजताच संपले. एन्टेबेचा कवुमा नावाचा तरुण होणाऱ्या बायकोला आणि तिच्या आत्याला घेऊन आला. आठ जूनला लग्नाची पार्टी इथेच हवी, अगदी पाण्याजवळ, म्हणाला. मी म्हणालो, पाण्याजवळ बसवायचं काम माझ्याकडे लागलं.
बायको म्हणाली, अहो, जून कुणी पाहिलाय? जुळ्यांची आई म्हणून अख्खं गाव तिला मानाने नालोंगो म्हणतं, त्याचा हा परिणाम. धंद्याची दृष्टी मात्र नाही.

१० एप्रिल, बुधवार
आजपासून शिस्त. वारागी बंद, त्या गावठी दारूला हात लावायचा नाही. रोज बीचवर पाच फेऱ्या. पाण्यात खुणा केलेली काठी रोवली आहे, ती रोज बघायची. अंदाजपंचे बोलणाऱ्यांची तोंडं आकड्यांनी बंद होतील.

१३ एप्रिल
काठीवर पाणी चार बोटं वर दिसतंय. काठी वाळूत खचली असणार. थोडी किनाऱ्याकडे रोवली. आता बरोबर दिसतंय.

१९ एप्रिल, सकाळी ७
पाच फेऱ्या चुटकीसरशी होतात. आधी दम लागायचा. व्यायामाचा गुण. (बीचही जरा आखूड झाला आहे.)
म्हातारा लुबोवा होडीतून जाता जाता ओरडला की सालोंगो (जुळ्यांचा बाप म्हणून मीही मानाचा), सामान वर ने, हे पाणी परत जायला आलेलं नाही. साठ वर्षं मासे मारले की माणूस स्वतःला हवामानखातं समजतो. मी हात हलवला.

२८ एप्रिल, रविवार
व्हॉलीबॉलची जाळी पाण्यात. चार पोरं कमरेएवढ्या पाण्यात खेळली आणि खूश झाली. म्हणजे हा तोटा नव्हेच. बोर्ड रंगवायला टाकला : 'पाण्यातला व्हॉलीबॉल, तळ्याकाठी पहिल्यांदाच.'
रेडिओवर सांगत होते, इतकं पाणी आजवर कधी चढलं नव्हतं. स्टेशन बदललं. तिकडे गाणी होती. बरं वाटलं.

४ मे
रात्रीच्या वाऱ्याने लव्हाळ्यांचं एक तरंगतं बेट आमच्या किनाऱ्याला येऊन लागलं. चांगलं अर्ध्या मैदानाएवढं. वर एक करकोचा उभा. लोक बेट बघायला कुठे कुठे जातात आणि माझ्याकडे ते चालत आलं! नवरा-नवरीचे फोटो त्यावर काढायचे. कवुमाला फोन केला. त्याने हो हो म्हणत घाईने फोन ठेवला. आनंदाने असेल.

५ मे
बेटावर साप आहेत. कवुमाला तूर्त कळवत नाही.

११ मे, शनिवार
ब्येक्वासो गेला. सहा वर्षं जीवरक्षक होता. थांब म्हणालो, तर म्हणतो, मालक, माणूस बुडाला तर केसाला धरून ओढीन. बार बुडतोय, त्याला कुठे धरू?
उर्मट. पण जाताना रडला. मी जांभई देत असल्यासारखं केलं.
आज थोडी वारागी. पाय ओले होते म्हणून.

२० मे
नालोंगो जुळ्यांना आणि गाद्यांना घेऊन वर टेकडीवर भावाकडे राहायला गेली. म्हणाली, तुम्ही पण चला. मी म्हणालो, कप्तान जहाज सोडत नाही. ती म्हणाली, जहाज तरंगतं तरी.
रागावलो नाही. स्वयंपाकघरातून पातेली बाहेर निघाली होती, ती पकडायची होती.

२९ मे
पाऊस थांबला. पाणी आज अजिबात वाढलं नाही. सांगत होतो ना! (काठी दिसत नाही. पण अंदाज येतो.)
नाचाचं स्टेज विटांवर उचललं. एकट्याने. अर्धं.

३ जून, सोमवार
स्टेज रात्री निघून गेलं. लुबोवाला खाडीच्या तोंडाशी दिसलं म्हणे. तो विचारत होता, दोराने ओढून आणू का? मी म्हणालो, कुठे ठेवणार?
हे तोंडातून कसं गेलं कळत नाही. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

७ जून
उद्या लग्न. कुणाचाच फोन नाही, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे. फाटकापासून बारपर्यंत फळ्या टाकल्या. त्यावरून नवरी ऐटीत येईल. पांढरा कंझू, म्हणजे समारंभाचा पायघोळ झगा, आणि कोट काढून ठेवला. तळं उतरणीला लागलं आहे.

८ जून, शनिवार
दुपारी बारापासून फाटकाशी उभा. कोट घालून. बूट हातात.
चार वाजले तरी कुणी नाही. लुबोवा होडी थांबवून बघत राहिला. मग म्हणाला, बाळा, लग्न वर शाळेच्या मैदानावर आहे. नालोंगो पहाटेपासून राबतेय. बस होडीत, रस्त्यापर्यंत सोडतो.
वर मंडप, ढोल, तीनशे माणसं. नवरीची आत्या पुढे आली, दोन्ही हात धरले. म्हणाली, नालोंगो महिन्यापूर्वीच घरी येऊन सगळं सांगून गेली. तुम्ही मात्र फोनवर इतकं हौसेने बोलायचात, आमच्याच्याने तुमचं मन मोडवेना.
नालोंगोने मटोके, म्हणजे उकडून मळलेली केळी, आणि शेंगदाण्याच्या रश्शाचं ताट आणून दिलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, रोज सांगत होते. आणि माझ्या कंझूची ओली कड पिळून दिली, सगळ्यांसमोर.
शेजारी एक अनोळखी आजोबा बसले होते. तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे, म्हणाले. खुर्च्या माझ्या होत्या, नालोंगोने वर आणलेल्या. एक वळवून पाठीवरचं बीचचं नाव दाखवलं.
त्यांनी चष्मा लावून वाचलं. अरे हो, म्हणाले, होता हा बीच. छान होता.
मी म्हणालो, हो. होता.