बळीरामदादाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर

१२ जाने., रविवार
व्हॉल्व्ह आले, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे. चारही शाबूत. गिटारच्या अँपचा सांगाडा तयार, मुंबईहून आणलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवलाय. राहिला आउटपुटचा (यापुढे आ.ट्रा.). सगळा आवाज त्याच्यातूनच स्पीकरला जाणार, तो भिकार तर अँप भिकार.

कॉलेजातल्या शिरीषचा ठाण्याहून फोन. त्याने तीन अँप बांधलेत, त्यामुळे शिकवतो. "परदेशी मागव. इथले सगळे तांबं सांगून अ‍ॅल्युमिनियम घालतात." परदेशी येईपर्यंत मी रिटायर होईन. जुन्या लाउडस्पीकरवाल्याकडचा एक पाहिला, पत्र्या गंजलेल्या, आत काय आहे देव जाणे. तिसरा मार्ग म्हणजे इथेच कुणाकडून तरी गुंडाळून घेणे.

तिन्हींवर विश्वास नाही. बावीस वर्षं तळोज्याच्या कारखान्यात आलेला माल तपासतोय. सप्लायर सांगतो तसा माल कधी निघत नाही.

१८ जाने., शनि.
उरण नाक्याजवळ बळीराम म्हणून मोटर वाइंडिंगवाला. साठीचा. करंजा बंदरातल्या बोटींचे डायनॅमो त्याच्याकडे येतात. माझा कागद दोनदा वाचला, वेढ्यांचा हिशेब स्वतः केला. माझा आकडा चुकला होता, ते असो. पावती नाही, गॅरंटी नाही, नुसतं "होईल".

शेजारी बसून बघू का, विचारलं.
"नाय साहेब. कोन बाजूला बसला का गिनती चुकते माजी. तुमी पुढच्या शनवारी या."

म्हणजे बघू द्यायचं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

२५ जाने., शनि.
आ.ट्रा. आणला. दिसायला देखणा, वार्निशचा वास अजून ताजा. घरी मीटर लावला. गुंडाळीचे दोन्ही अर्धे सारखे हवेत ना? एक १४२ ओहम, दुसरा १५८.

फोन केला. म्हणे, "बाहेरचा वेढा मोटा असतो साहेब, तार जास्ती लागते. असाच येनार."

उत्तर तयारच होतं. सप्लायरचं नेहमी असतं.

२ फेब्रु., रवि.
अँप चालू केला. पहिली तार छेडली आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. कॉलेजनंतर पहिल्यांदाच वाजवत होतो. मग हात थांबला आणि ऐकू आलं, घूंऽऽऽ. सुलभा म्हणाली, "छान वाजतंय की." बायकोचं सर्टिफिकेट इथे चालत नाही.

३ फेब्रु., सोम.
बळीरामदादा स्वतः स्कूटरवर खांदा कॉलनीत आला. कान लावून ऐकलं. "दोनी ट्रान्सफॉर्मरची तोंडा एकाच बाजूला हायत. याला आडवा करा, घूं जाईल."

आडवा करायचा म्हणजे नवी भोकं. आठ दिवस घासून बसवलेला सांगाडा! आपला माल निर्दोष, चूक गिऱ्हाइकाची. ऐकलंय हे. चहा पिऊन गेला.

सुलभा: "अहो, ते म्हणतायत तर करून बघा ना."

८ फेब्रु., शनि.
आ.ट्रा.च्या तारेची टोकं खरवडली. तांबं. शिरीषला सांगितलं तर म्हणाला, "टोकाला तांबंच जोडतात रे. आत बघ."

दुपारी गॅलरीत बसून कापला. हॅकसॉने, मधोमध.

तांबं. बाहेरपासून आतपर्यंत तांबं. प्रत्येक थराला कागद, एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. बाहेरचा वेढा टेपने मोजला, आतल्याच्या सव्वापट निघाला. म्हणजे १४२ आणि १५८ बरोबरच. बावीस वर्षांत इतका चोख माल हाताखालून गेला नाही आणि मी तो करवतीने कापून बसलो. फार लाज वाटली. जेवलो नाही.

९ फेब्रु., रवि.
जुन्या रेडिओतला आ.ट्रा. त्याच जागी नुसता ठेवला, हेडफोन जोडला. घूं आहे. आडवा केला. घूं गेली.

शिरीषचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

१० फेब्रु., सोम.
ऑफिसहून थेट बळीरामदादाकडे. खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून निघालं, "जळला."

हातातलं काम खाली ठेवलं त्याने. "जलला? माजा?"

मग म्हणाला, "नवा करून देतो. पन जुना आना. मना बगू दे कुटं चुकलो."

मला वाटलं होतं, तो मलाच दोष देईल. मग भांडता आलं असतं. आणतो म्हणालो.

१३ फेब्रु., गुरु.
फोन वाजला की तोच असेल असं वाटतं. चोराच्या मनात चांदणं. तुकडे पिशवीत, पिशवी शू-रॅकच्या मागे.

१५ फेब्रु., शनि.
त्याचाच फोन. वार्निशचा डबा खराब निघाला असणार, म्हणूनच जळला, असं त्याच्या डोक्यात बसलंय. त्याच डब्यातलं वार्निश दोन बोटींच्या डायनॅमोला लागलंय. दोन्ही बोटवाल्यांना फोन करून परत बोलावलं त्याने. मंगळवारपासून बोटी करंज्याला बांधून आहेत.

"समुद्रात डायनॅमो जलला तं मानसा काय करतील साहेब?"

मी "हं" म्हणालो. हं!

सुलभाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता जा." दुकान बंद असेल, म्हणालो. असेलही.

१६ फेब्रु., रवि.
सकाळी पिशवी घेऊन गेलो. बळीरामदादा जमिनीवर बसलेला, मांडीत एका बोटीचा डायनॅमो. स्वतःचंच वाइंडिंग पात्याने कापून उघडत होता. "यात तरी काय दिसत नाय," म्हणाला. मग पिशवीकडे हात केला. "आनला? दावा."

दिली. करवतीची धार कुणालाही कळते. त्याने चष्मा पुसून दोन्ही तुकडे जोडून पाहिले, वेगळे केले, परत जोडले. जळका वास येतो का तेही हुंगून पाहिलं. मी म्हणालो, जळला नव्हता, मीच कापला, आत अ‍ॅल्युमिनियम आहे का ते बघायला. पुढे आणखी काही बोललो असेन.

तो रागावला नाही. तुकडे बाकावर ठेवले आणि मोबाइल शोधू लागला.

"बोटवाल्यांना आदी फोन लावतो," म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी दाराशी उभा होतो. दुसरा फोन लागत नव्हता, तो परत परत लावत होता. मांडीतला डायनॅमो अर्धा कापलेला.