रॉलीची पाळी

५ मार्च १९१७, हार्विच बंदर

आलो एकदाचा 'ग्रेलॅग'वर! विनाशिका म्हणून छाती फुगवून आलो, तर ही बया काजळीने माखलेली, आणि धक्क्याला बांधलेली असूनही डुलतेय. दहाएक वर्षं झाली तिला पाण्यात उतरून. आधी ताफ्यात मिरवली, लढाई लागल्यावर गस्तीला जुंपली. गेल्या हिवाळ्यात सुरुंग लागून कोळशाच्या कोठाराला भगदाड पडलं, ते बुजवून पुन्हा गस्तीला. त्या कोठारात माझा थोरला भाऊ रॉली गेला. मी हट्टाने हीच बोट मागून घेतली, तेव्हापासून आई माझ्याशी बोललेली नाही. भट्टीवाल्यांचा मुकादम हॉबडे मात्र हसून म्हणाला, आला आणखी एक खुळा, पाजा याला गरम कोको.

९ मार्च, समुद्रात

मी भट्टीत कोळसा टाकतो. कोठारातला गडी तो आतून दाराशी ओढून देतो. रॉलीचं हेच काम होतं. कोळसा संपला की आपण फावड्याने पत्र्यावर ठोकायचं, तो आतून ठोकून उत्तर देतो. दुपारी मी ठोकलं, उत्तर आलं, कोळसाही आला. एवढ्यात कोठाराचा गडी जिना उतरून आला आणि म्हणाला, माझ्यावाचून बरं भागलं रे राजा! तो इतका वेळ वर चहा पीत होता.

१२ मार्च

आज पुन्हा तेच. हॉबडेला सांगितलं, तर फावडं खाली ठेवून त्याने सगळं सांगितलं. सुरुंग फुटला तेव्हा कोठाराचं दार त्यानेच लावलं होतं, नाहीतर सगळी बोट बुडाली असती. रॉली आतून ठोकत राहिला. बदली गडी आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा आमचा नियम. तुझ्या भावाची पाळी सोडवायला कुणी गेलंच नाही रे, म्हणाला, आणि ढसाढसा रडला. त्याचा गळा दाबावासा वाटला मला. दाबला नाही.

१३ मार्च

दिवसभर आतून ठोकतोय. किती दमला असेल माझा भाऊ! अजून कोळसा ओढतोय — आमच्यासाठी —

१४ मार्च

कोठारात आलोय. कंदील आहे. हॉबडे नको नको म्हणत होता. ओरडून सांगितलं, रॉली, मी आलोय बदलीला, जा आता घरी.

केसांवरून कुणीतरी हात फिरवला. ओला — गार —

ठोकणं थांबलं.

धक्का. मोठा. पुन्हा सुरुंग! पाणी गुडघ्यापर्यंत — हॉबडे दाराशी, हाका मारतोय, ये म्हणतोय. पाय कोळशात रुतलेत. लाव दार, म्हटलं, लाव रे बाबा —

आई, रॉली सुटला गं. आता इथे मी आहे. बदलीला कुणालाही पाठवू न—