टाकीकाठच्या चपला

सोमवार, ३
आलो बुवा एकदाचा! गावाबाहेर पाणी शुद्ध करायचं केंद्र, वर राहायची खोली, आणि मी एकटा राजा. गढूळ पाणी येतं, त्यात तुरटी पडते, गाळ खाली बसतो. मग वाळूतून गाळून, क्लोरीन मिसळून शेवटच्या टाकीत. तिथून गावभर नळांना. जुना ऑपरेटर आत असेतो मूग गिळून होता, सगळं खुणांनी दाखवलं. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र म्हणाला, शेवटच्या टाकीशी बोलू नका. क्लोरीनने सगळं मरतं, बोललेलं मरत नाही. मला हसूच फुटलं. लेकीची परीक्षा संपली की बायको आणि छकुली येणार आहेत.

शनिवार, ८
बोलायला चिटपाखरू नाही. पाण्याचा नमुना घेताना टाकीलाच सांगितलं, आमच्या छकुलीचा पुढचा दात पडलाय, हसताना तोंडावर हात धरते. आवाज छान घुमतो. बरं वाटलं.

सोमवार, १०
सलूनवाल्याने विचारलं, छकुलीचा दात आला का? दुकानदार म्हणाला, हसू द्या हो पोरीला, हात कशाला धरते! मी गावात याबद्दल अवाक्षर बोललेलो नाही. घाबरलो. पण खरं सांगू? कुणीतरी विचारपूस केली म्हणून डोळे भरून आले.

शुक्रवार, १४
बायकोचा फोन. इतक्यात जमायचं नाही म्हणाली. टाकीवर ओणवा होऊन ढसाढसा रडलो. या रे कुणीतरी माझ्याजवळ, म्हटलं.

शनिवार, १५
आले. सलूनवाला, दुकानदार, कितीतरी जण — हसत, मुकाट्याने. खोलीत बसा म्हटलं, तर टाकीकडे गेले. दुकानदाराने चपला काठावर नीट जोडून ठेवल्या आणि आत उतरला. वर आला नाही. सलूनवालाही चपला काढत होता — मी टाकीत ओरडलो, नको कुणी मला, जा! त्याला फाटकाजवळच्या नळाशी ओढत नेलं, ओंजळभर पाजलं. प्यायला आणि घरी निघाला. मग बाकीच्यांना पाजत सुटलो.

रविवार, १६
टाकीत गळ टाकला. काही लागत नाही. साहेब फोनवर म्हणाले, झोप काढा जरा. रस्त्यात माणसं मला बघून पाठ फिरवतात.

सोमवार, १७
दोघी आल्या! न कळवता! छकुली नळाला तोंड लावून प्यायली — माझ्याकडे बघितलं — पाठ फिरवली. परत चल म्हणून आईला ओढतेय. हाका मारल्या. बघतही नाही.

जाऊ दे. गेली तर जगेल.

पण एवढीशी, पाठमोरी — एकदाच तोंड बघू दे — टाकीवर वाकून म्हटलं, ये गं. अगदी हळू म्हटलं —

वर खोलीत आलो. खिडकीतून ऐकू येतंय, पुन्हा तहान लागली म्हणतेय —

नको, छकुले, चपला नको काढू, मी वरून खाली येतोय —