तीन पात्यांचा पंखा

अहो,

आपल्या होडीखालचा तीन पात्यांचा पंखा काल काढला. तुम्हाला विचारल्याशिवाय घरातली खुर्चीसुद्धा मी कधी हलवली नाही, म्हणून हे कळवायला बसलेय. रागवायचं असेल तर आधी सगळं वाचा.

एवढ्याशा शिडाच्या होडीला तो पंखा मोठाच होता. दुकानात मी म्हटलं नव्हतं का, की आपलं इंजिन चिमुकलं, त्याला हा ओढवायचा नाही? तुम्ही दुकानदाराकडे बघून हसलात. "ओहोटीतून पनवेलला परत यायचं तर जोर नको?" कुठला जोर? इंजिन कधी पुरतं वेगात फिरलंच नाही, नुसता काळा धूर ओकायचं. शीड लावलं तर तीन पाती पाणी अडवून धरायची. पण तुमच्यापुढे बोलणार कोण?

तुम्ही गेलात आणि होडी वर्षभर बांधून पडली. मग नीताच म्हणाली, "आई, बाबांची होडी अशी कुजू देणार आहेस का?" कॉलेजात जायला लागल्यापासून ती मलाच दरडावते. निघालो दोघी मायलेकी. खाडीच्या तोंडाशी शीड भरलं, इंजिन बंद केलं, आणि पायाखालून आवाज आला. घर्रर्र. मध्येच अडखळला, पुन्हा घर्रर्र.

मला कळतं हो. होडी वाऱ्यावर चालली की पाण्यानं पंखा फिरतो, त्याला इंजिनाशी जोडणारा शाफ्ट घुमतो. एक पातं वाकलंय म्हणून अडखळतो. पण तुम्हीही अगदी तसेच घोरायचात, मी कुशीवर वळवेपर्यंत. अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगू? बरंही वाटलं.

शाफ्ट फिरू नये म्हणून गिअर रिव्हर्समध्ये टाकून ठेवायचा, हे तुमचंच शिकवणं. मी टाकायचे. थोड्या वेळानं बघावं तर गिअरचा दांडा आपोआप मधोमध, न्यूट्रलला, आणि खालून घर्रर्र. मोरा गावच्या गजानन मिस्त्रींना गिअर खोलून बघायला लावला. "वहिनी, कायच बिघाड नाय," म्हणाले आणि हात न पुसताच धक्क्यावर चढले. त्यानंतर मी गिअर टाकणंच सोडलं. नीताला यातलं अवाक्षर बोलले नाही. उगीच पोर घाबरायची.

मग गेल्या आठवड्यात मोऱ्यासमोर वारा पडला. ओहोटीविरुद्ध इंजिन लावलं, ते धापा टाकत तापलं आणि बंद पडलं. नवं बंदर झाल्यापासून तिथे केवढाले मालवाहू बार्ज येतात, तुम्हाला कल्पना नाही. एक सरळ अंगावर आला. वल्ही मारत कशाबशा बाजूला झालो. तुमचं घोरणं ऐकायला मी लेकीचा जीव पणाला लावत होते का?

तरी काल ओहोटीला होडी चिखलावर टेकली तेव्हा पंखा काढायला सांगणं जिवावर आलं. मिस्त्रीही म्हणाले, "भाऊंनी पसंत केलेला पंखा हाय. ऱ्हाऊ द्या का?"

"काढा," मी म्हटलं.

दोन पात्यांचा, लहान बसवला. शिडावर जाताना पाती उभी करून ठेवली की होडीच्या मागच्या लाकडाआड जातात, पाणी अडत नाही. भरती आली तशा निघालो. धूर नाही, धापा नाहीत. मग इंजिन बंद केलं, शीड भरलं. खालून काही म्हणजे काही ऐकू येईना. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात नीता शिडाकडे बघत अगदी सहज म्हणाली, "आई, आज बाबा जागे आहेत."

म्हणजे इतके दिवस तीही ऐकत होती.

जागे असाल तर बघा मग. पुढच्या भरतीला सुकाणू नीताच्या हातात देणार आहे, आणि तिचं चुकलं तरी मी मध्ये बोलणार नाही. तुम्हाला शब्द देते.

तुमची,
सुमन