आग्रहाची खानावळ

माय, उद्या मी दुसरी खानावळ उघडून राहिलो आहे, आणि सकाळपासून जीव असा उसळतो आहे की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली उघडली तेव्हा दवनीवाड्याच्या आपल्या चुलीपुढून मागे न बघताच तू विचारलं होतंस, "घरी चूल असून लोकं पैसे देऊन कायले जेवतीन रे?" मी म्हणालो, तुझ्यासारखं वाढलं तर का नाही जेवणार? आणि खरंच तुझ्यासारखं वाढू लागलो. गोंदियाच्या स्टेशनासमोर, मोठ्या लाईनीच्या गाडीतून उतरून छोट्या लाईनीच्या गाडीची वाट पाहणारा माणूस बाकावर टेकला की मी सुरू: गाव कोणतं, धान कसं आहे, पोरीचं जमलं का. तो नको नको म्हणतो आहे आणि मी भात घालतोच आहे. दोन महिन्यांत बाक ओस पडले. शेजारच्या खानावळीचा महाराज मात्र "खाना है तो बैठो" एवढंच गुरकावून ताट आदळायचा, वरण तर नुसतं पाणी, आणि गर्दी त्याच्याकडे. धंदा मोडून गावी परतायची, तुझंच खरं झालं म्हणायची वेळ आली.

माझे कान तिखट, हे तूच म्हणायचीस. मी महाराजाच्या कुडाला पाठ लावून बसू लागलो. एका दुपारी, माझ्याकडे जेवून गेलेला बिरसी गावचा म्हातारा आत बसून सोबत्याला सांगत होता, "भात बेस आहे त्याचा. पण मी सोयऱ्याच्या घरून काऊन पळालो? पोरीचं कधी, पोरीचं कधी. पैसे देऊन तेच ऐकाचं का?" माय, मला कुडाआड हसू आवरेना. सोयऱ्याकडे माणूस लाजून दोनदाच भात घेतो आणि अर्धपोटी उठतो. खानावळीत तो चौथ्यांदा मागतो, कोणी बघत नाही. भूक तर घरीही भागते. इथे तो घटकाभर कोणाचा बाप, कोणाचा जावई नसायला येतो. दुसऱ्या दिवसापासून मी तोंड मिटलं. मागेल तेवढं वाढायचं, बस. पोळ्याच्या सणाआधीच बाक पुरेनासे झाले.

मग बाजाराच्या बंडीतून तू आलीस. मागच्या पडवीत तुला बसवलं आणि सवयीनं मी गप्पच राहिलो. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवणारी तू, भर दुपारी, एकटी, सावकाश जेवते आहेस. तीनदा भात मागितलास. तोवर तुला काही मागताना मी ऐकलंच नव्हतं. हात धुतलेस, "जातो रे" म्हणालीस आणि बंडीत जाऊन बसलीस.

नव्या वाढप्यांना उद्या मी हेच बजावणार आहे, जेवणाऱ्याला काही विचारायचं नाही. पण तू येणार हे कळल्यावर त्या दिवशी आचाऱ्याला बाजूला सारून वरण मी रांधलं होतं, आणि कसं झालं एवढंच विचारायला तुझ्या बंडीमागे वळणापर्यंत धावलो होतो. न विचारताच परतलो.