खोबऱ्याचा जास्तीचा तुकडा

बाबा, गाऱ्हाणं घालताना देवाला किती सांगावं आणि किती त्याच्यावर सोडावं, हे तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. माझ्या दहावीच्या परीक्षेची सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. देव्हाऱ्यासमोर तुम्ही नारळ धरून उभे आहात आणि मी मागून सांगतेय की गणिताचं वेगळं मागा. तुम्ही वळूनही न बघता म्हणता, "सगळा सांगायचा नाय, बाय. थोडा त्याच्यावर ठेवायचा." मग नारळ फोडून प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा. दादा तेव्हा मुंबईला नोकरीला होता, तरी त्याचा तुकडा तुम्ही वाटीत काढून ठेवायचात. घरातलं माणूस घरात नसलं तरी त्याचा वाटा असतो, म्हणायचात.

तुमच्यामागे गाऱ्हाणं काकांकडे आलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं, तेव्हा त्यांनी खणखणीत आवाजात नेहमीचंच मागितलं, एकाचे एकवीस कर. आणि मला दिवस राहिले. सोनोग्राफीत गर्भाशयात ठोके दिसले, घरात आनंदीआनंद. पण डाव्या बाजूला ओटीपोटात दुखायचं काही थांबेना. गर्भ जागेवर आहे म्हटल्यावर जो तो म्हणाला गॅस असेल, ओवा खा. मीही मुकाट ओवा चावत राहिले. शेवटी स्वयंपाक करता करता चक्कर येऊन खालीच बसले, तेव्हा ह्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नीट तपासलं आणि म्हणाल्या, "एक आत आहेच. दुसरं बाहेर, नळीत वाढतंय." ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, नाहीतर मीच जगले नसते, आणि त्यात आतलं टिकेलच असं त्या सांगू शकत नव्हत्या.

मी फार घाबरले होते. तरी तुमचीच मुलगी ना, डोक्यात प्रश्न चालूच. दोघं एकाच सुमारास निघाली असणार, मग एकाला घर सापडतं आणि दुसरं वाटेतच बिऱ्हाड का थाटतं? एकाच गाडीतून आलेल्या दोघांपैकी एकाने रत्नागिरी गाठावी आणि दुसऱ्याने अलीकडे हातखंब्यालाच उतरावं, तसं काहीतरी. बाईंना हे विचारता विचारताच भूल चढली. शुद्धीवर आले तेव्हा काका पडेल चेहऱ्याने खाटेशी उभे होते. "माजाच चुकला काय गो? जागा सांगितलीच नाय मी." टाके दुखत असतानाही मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

आतलं टिकलं, बाबा. आता ती शाळेत जाते आणि दिवसभर प्रश्न विचारून माझं डोकं खाते. काका थकले, म्हणून घरचं गाऱ्हाणं मीच घालते. नारळ फोडला की तुमच्यासारखाच एक तुकडा वाटीत काढून ठेवते आणि संध्याकाळी स्वतःच खाते. परवा लेकीने विचारलं, हा कोणाचा? मी म्हटलं, आजोबांचा. तिला ते पटलं, भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसलीसुद्धा.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तो तुकडा तुमचा नाही, बाबा, हातखंब्याला उतरलं त्याचा आहे. तुमच्यासाठी मी आजवर एकदाही ठेवलेला नाही.