गुळगुळीत दिवड

७ जुलै १९३८
मडक्यात पिलं! झाकण काढलं तर एका सापाचे बारा झालेले. करंगळीएवढी पोरं, आईभोवती वळवळतायत.

हैदराबादच्या कॉलेजातले इनायत साहेब महिनाभर माझ्या ओसरीवर मुक्कामाला आहेत. पाण्यातल्या सापांच्या जाती लावतात. बाराव्या वर्षी मी दुसऱ्याची जाळी धूत होतो, आज तळ्याचा मक्ता माझा आहे — म्हणून साप पुरवायचं काम माझ्याकडे.

तळ्यातला साप म्हणजे दिवड, एवढीच आमची विद्या. चावतो, विष नाही, अंडी घालतो. काठाच्या मातीत ती अंडी मी स्वतः पाहिली आहेत. मग ही पिलं कुठली?

साहेब खूष. "भाई, आपके दिवड तो दो निकले." मग मोजून दाखवलं. अंडीवाल्याचे खवले खरखरीत, अंगाभोवती एकोणीस रांगा. हा गुळगुळीत, रांगा एकवीस, नाकपुड्या पार डोक्यावर. इतकी वर्षं जाळं झाडलं — हाताला फरक लागत होता, डोक्यापर्यंत पोचला नाही.

९ जुलै
साहेब काल हिंगोलीला गेले. मी आज बाळापूरच्या बाजारात पिलांची गोष्ट रंगवून सांगितली. लोक जमले, हसले. पण मागची कुजबूज माझ्या कानांतून जात नाही — "पिलं घालती ती घोणस. मालकाच्या तळ्यात घोणस हाय."

मी हसण्यावारी नेलं. पण घोणसच पिलं घालते, हे मीही लहानपणापासून ऐकलंय. या सापाला विष आहे का, तेवढंच साहेबांना विचारायचं राहिलं.

१२ जुलै
संतरामला साप चावला. अठरा वर्षं माझ्या जाळ्यावर आहे. मासे काढताना मनगटाला. तो निवांत हात धूत होता — "दिवड हाय मालक. काहून घाबरून राहिले?"

साप धरून बोट फिरवलं. गुळगुळीत. पिलंवाला. माझ्या तोंडून निघून गेलं, घोणस.

मग काय विचारता. जाळ्याची दोरी आली, कोपराखाली आवळली गेली. दोन सूर्य बुडाल्याशिवाय गाठ सोडायची नाही, हे इथं लेकरालाही पाठ. साप मडक्यात ठेवला आहे.

१३ जुलै
त्याची बायको भिकाबाई सारखी म्हणते, "बोटं काळी पडून राहिली हो." सगळे सांगतात, विष उतरतंय.

१४ जुलै
हिंगोलीचा दवाखाना. सापाचं मडकंही बरोबर आणलं. हात कोपरापासून काढला.

इनायत साहेब धावत आले. मडक्यातला साप पाहिला, रांगा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "भाई, इसका ज़हर मेंढक के लिए है. आदमी का कुछ नहीं बिगड़ता. हाथ रस्सी ने खाया."

पायरीवर बसलो. भिकाबाईनं विचारलं, काय म्हणले साहेब? मी म्हणालो, वाचला म्हणले.

१५ जुलै
जेवण नाही.

२ ऑगस्ट
साहेब परत निघाले. नव्या सापावर लेख लिहिणार, त्यात चाव्याची हकीकतही हवी. पेन उघडून विचारलं, रस्सी किसने बाँधी?

मी म्हणालो, लोकांनी.

त्यांनी तसं लिहून घेतलं.

२१ ऑगस्ट
बाजारात संतराम भेटला. चारचौघांना थांबवून सांगत होता, "मालकानं सोताच्या हातानं गाठ मारली, म्हून जित्ता हाय मी." उरलेल्या हातानं माझा हात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर केला. मी सोडवून घेतला नाही.